डोळ्यातली बाहुली

मंडळी, खळ्यावर उफणणी चालू असावी, वारा सुटलेला असावा आणि नेमके तेव्हाच डोळ्यात कुसळ जावे, हा अनुभव तुमच्यापैकी कोणाला नाही? माझ्या लहानपणी आमच्या घरी या दुखण्यावर एकच वैद्य होता, आणि तो म्हणजे आमची आजी. ती मला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवी, पदराच्या टोकाला पीळ देई, दोन बोटांनी पापणी वर करी आणि म्हणे, "हलू नको रे. तुझ्या डोळ्यात मी मला दिसतेय. तू हललास की मीपण हलते." कुसळ निघे. पण तोवर मी रडायचे विसरून तिच्याच डोळ्यात बघत राहिलेलो असे. तिथे एक इवलासा पोर, रडून तोंड लाल झालेला, माझ्याकडे टक लावून बघत असे. "आजी, तुझ्या डोळ्यात कोण गं?" म्हणून विचारले, की ती म्हणे, "बाहुली." एवढे बोलून ती चुलीकडे जाई.

पुढे मी इंग्रजी शिकू लागलो. आमच्या गुरुजींनी एके दिवशी फळ्यावर शब्द लिहिला, 'प्यूपिल', आणि अर्थ दिला, 'विद्यार्थी'. काही महिन्यांनी शरीरशास्त्राच्या धड्यात तोच शब्द पुन्हा आला, आणि या वेळी अर्थ दिला, 'डोळ्याची बाहुली'. मागच्या बाकावरच्या एका धीट पोराने उठून विचारले, "गुरुजी, विद्यार्थी आणि डोळ्याची बाहुली यांना एकच शब्द कसा?" गुरुजी म्हणाले, "इंग्रजी भाषाच तशी. पाठ करा." मी गुरुजींना दोष देत नाही. पाच इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या माणसाने कोणाकोणाच्या प्रश्नांना पुरे पडावे? परंतु त्या पोराचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तरही आहे, आणि ते इंग्रजीत नाही. ते शोधावयाचे तर आपल्याला दोन हजार वर्षे मागे, रोम शहरात जावे लागते.

रोमन लोकांची भाषा लॅटिन. त्या भाषेत 'पूपा' म्हणजे लहान मुलगी, आणि 'पूपा' म्हणजेच तिच्या हातातली बाहुली. आपणही लहान पोरीला लाडाने 'बाहुली' म्हणतोच की. रोमन मुली बाहुल्यांशी खेळत आणि लग्न ठरले, म्हणजे आपली बाहुली देवीला वाहून टाकत. बालपण संपले, असा त्याचा अर्थ. १८८९ साली रोममध्ये न्यायालयाच्या मोठ्या इमारतीचा पाया खणताना एक दगडी शवपेटी सापडली. तिच्यावर कोरलेल्या नावावरून ती क्रेपेरेया त्रिफेना नावाच्या तरुण मुलीची होती असे कळले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही मुलगी. तिच्या अस्थींशेजारी तिचे दागिने होते, आणि हस्तिदंताची एक सुरेख बाहुली होती. त्या बाहुलीचे हातपाय सांध्यात हलतात. ही बाहुली देवीला वाहायची राहून गेली होती. आज ती रोमच्या संग्रहालयात पाहायला मिळते. तर मंडळी, 'पूपा' म्हणजे ही अशी वस्तू.

या 'पूपा' शब्दाला लाडाचा, लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला, की 'पूपुला' आणि 'पूपिल्ला' असे शब्द तयार होतात. आपण बाहुलीला 'बाहुलडी' म्हणावे, तसे. आणि हेच शब्द रोमन लोकांनी डोळ्याच्या मधोमध असलेल्या काळ्या टिंबाला दिले. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याने देवांच्या स्वरूपाविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात डोळ्याची रचना सांगताना, आपण ज्या भागाने पाहतो त्याला 'पूपुला' म्हणतात, असे तो लिहितो. पण बाहुलीच का? भोक का नाही, टिंब का नाही, तीळ का नाही?

याचे उत्तर माझ्या आजीला ठाऊक होते. रोमन लोकांपैकी ते लिहून ठेवले प्लिनीने. हा प्लिनी मोठा चौकस गृहस्थ. जगात जे जे आहे ते ते नोंदवून ठेवायचे, असा त्याचा बाणा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा आरमार घेऊन तो तिकडे गेला आणि तिथेच मरण पावला. त्याने लिहिले आहे, की डोळ्याचा हा एवढासा भाग इतका उत्तम आरसा आहे, की त्यात सबंध माणसाची प्रतिमा उमटते. आणि त्याला जोडून तो एक मजेदार गोष्ट सांगतो. हातात धरलेले पाखरू माणसाच्या डोळ्यांवरच चोच का मारते? तर त्याला त्या डोळ्यात आपल्यासारखेच पाखरू दिसते आणि ते ओळखीच्याकडे झेपावते! पाखराच्या मनातले प्लिनीला कसे कळले, हे विचारू नका. पण निरीक्षण बघा केवढे बारीक. दुसऱ्या एका ठिकाणी तो म्हणतो, की आजारी माणसाच्या बाहुलीत जोवर समोरच्याची प्रतिमा दिसते, तोवर त्याच्या जिवाला भय नाही. उशाशी बसून, वाकून, आपल्या माणसाच्या डोळ्यात स्वत:ला शोधणारी किती माणसे त्या काळी असतील, याचा विचार करा.

रोमन लोकांना ही कल्पना स्वत:ची सुचली, की ग्रीकांकडून आली? ग्रीकांचा संबंध इथे दाट आहे. रोमन वैद्यक बहुतेक ग्रीकांकडूनच आले. ग्रीक भाषेत 'कोरे' म्हणजे मुलगी, 'कोरे' म्हणजे बाहुली आणि 'कोरे' म्हणजे डोळ्यातली बाहुली. तिन्ही अर्थ एकाच शब्दात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एम्पेडोक्लिस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने डोळ्याला कंदिलाची उपमा दिली आणि या 'कोरे' शब्दावर खेळ करून, तलम वस्त्रांत गुंडाळलेल्या मुलीसारखी डोळ्यातली ज्योत पडद्यांमागे दडलेली आहे, अशी कल्पना केली. आजही डॉक्टर लोक, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, म्हणजे त्या लक्षणाला 'अनायसोकोरिया' म्हणतात. त्या अवघड शब्दाच्या पोटात ही ग्रीक मुलगी, 'कोरे', अजून बसलेली आहे.

प्लेटोच्या नावावर असलेला एक संवाद आहे. तो त्याचाच की दुसऱ्या कोणाचा, याबद्दल पंडितांत वाद आहे, पण तो आहे फार जुना. त्यात सॉक्रेटिस हा अल्किबियाडीझ नावाच्या तरुणाला विचारतो, की डोळ्याला स्वत:ला बघायचे असेल तर त्याने कुठे बघावे? आरशात बघावे, हे झाले सोपे उत्तर. पण सॉक्रेटिस त्याला दाखवून देतो, की समोरच्या माणसाच्या डोळ्यातही आपला चेहरा दिसतो, आणि म्हणून तर त्या जागेला 'कोरे' म्हणतात. मग तो पुढे नेतो, की मनाला स्वत:ला ओळखायचे असेल तर त्यानेही दुसऱ्या मनात, त्याच्या उत्तमातल्या उत्तम भागात बघावे. हा धडा एक शिक्षक एका विद्यार्थ्याला देत आहे, हे गुरुजी मंडळींच्या ध्यानात आलेच असेल.

आता हे ऐकताना, 'अहो, पण आमच्याकडे?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. यायलाच पाहिजे. मराठीत आपण 'बाहुली' म्हणतो, हिंदीत 'पुतली' म्हणतात, आणि संस्कृतात जुना शब्द आहे 'कनीनिका'. कन्या, कनिष्ठ या शब्दांच्याच कुळातला हा शब्द. त्याचा एक अर्थ लहान मुलगी, दुसरा डोळ्यातली बाहुली. आपल्या करंगळीलाही संस्कृतात कनीनिका म्हटले आहे. जे जे इवलेसे ते ते या शब्दात सामावले.

आणि मंडळी, डोळ्यातल्या या माणसाची सर्वांत खोल गोष्ट आपल्याकडेच सांगितली गेली आहे. ती छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आहे. आत्मा जाणला म्हणजे सर्व काही मिळते, असे प्रजापतीचे बोलणे देवांच्या आणि असुरांच्या कानावर गेले. देवांतून इंद्र निघाला, असुरांतून विरोचन. दोघे हातात समिधा घेऊन प्रजापतीकडे गेले आणि बत्तीस वर्षे शिष्य होऊन राहिले. बत्तीस वर्षांनी गुरूने पहिले वाक्य सांगितले, की डोळ्यात जो पुरुष दिसतो तो आत्मा. दोघांनी लगेच विचारले, "मग पाण्यात आणि आरशात दिसतो तो कोण?" बघा, दोघांनीही त्याचा अर्थ डोळ्यातली बाहुली, म्हणजे आपले प्रतिबिंब, असा घेतला. गुरूच्या मनात पाहणारा होता, शिष्यांनी पाहिलेले चित्र उचलले. प्रजापतीने त्यांना पाण्याने भरलेल्या परळात बघायला सांगितले. केसापासून नखापर्यंत आपण दिसतो, असे ते म्हणाले. मग म्हणाला, चांगले कपडे आणि दागिने घालून बघा. तसेच सजलेले रूप दिसले. दोघे समाधानाने घरी निघाले. विरोचन थेट जाऊन असुरांना सांगू लागला, की हा देह हाच आत्मा. इंद्र मात्र अर्ध्या वाटेवर थबकला. त्याच्या मनात आले, देह सजला की प्रतिबिंब सजते, मग देह आंधळा झाला तर तेही आंधळेच होणार! हे कसले अमर तत्त्व? तो पुन्हा समिधा घेऊन परत आला, आणखी बत्तीस वर्षे राहिला. असे करता करता त्याची एकशे एक वर्षे झाली, तेव्हा त्याला पुरते कळले. एक शब्द दोघांनी ऐकला, आणि फरक पडला तो परत येऊन विचारण्याने.

आमच्या वैद्यांनी याच जागेकडे निराळ्या नजरेने पाहिले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची मंडले सांगितली आहेत. पापण्यांचे केस, पापणी, पांढरा भाग, काळा भाग आणि अगदी मध्ये 'दृष्टि'. ही दृष्टि मसुराच्या डाळीएवढी, काजव्यासारखी वा ठिणगीसारखी चमकणारी आणि विवराच्या आकाराची, असे वर्णन आहे. विवर म्हणजे छिद्र. त्यात मुलगी नाही, बाहुली नाही. मसुराची डाळ आहे. शस्त्र हातात घेणाऱ्याला कवितेपेक्षा माप अधिक उपयोगी. आणि गंमत अशी, की 'कनीनक' हा शब्द सुश्रुताने डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्याला वापरला आहे. म्हणून जुने ग्रंथ वाचताना नुसता शब्द ओळखीचा दिसला म्हणून अर्थ ठरवू नये.

यावर कोणी उत्साही मनुष्य म्हणेल, की बघा, 'पुतली' आणि 'पूपिल्ला' यांचा उच्चारसुद्धा जुळतो, तेव्हा सगळे आपल्याकडूनच तिकडे गेले! मला वाटते, असे म्हणण्याची घाई करू नये. दोन शब्दांचे नाद जुळले, म्हणजे नाते जुळले असे होत नाही. नाहीतर 'पत्र' आणि 'पात्र' यांचेही लग्न लागेल. इथे शब्द तेवढे निरनिराळे आहेत, कल्पना मात्र एक आहे. आणि ती कल्पना किती दूरवर पसरली आहे, ते पाहिले म्हणजे 'कोणाकडून कोणाकडे' हा वादच थोडा फिका पडतो. फारसीत डोळ्याच्या बाहुलीला 'मर्दुमक' म्हणतात, म्हणजे छोटा माणूस. अरबीत 'इन्सान-अल-ऐन' म्हणतात, म्हणजे डोळ्यातला माणूस. हिब्रूत 'ईशोन' हा शब्द आहे, त्याचाही अर्थ छोटा माणूस असा लावतात. चिनी भाषेतल्या एका शब्दातही डोळ्यात माणूस आहे. स्पॅनिश लोक म्हणतात 'निन्या', म्हणजे मुलगी. आणि पोर्तुगीज भाषा, जी आपल्या गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा होती, तिच्यात आहे 'मेनिना', म्हणजे पुन्हा मुलगी. पोर्तुगिजात एखाद्याला 'डोळ्यातली मेनिना' म्हटले, तर तो जीव की प्राण असा अर्थ होतो. त्या गोव्यात शतकानुशतके एकाच गल्लीत पाद्री आपल्या भाषेत 'मुलगी' म्हणत होता, आणि शेजारची बाई आपल्या भाषेत 'बाहुली' म्हणत होती.

इटलीच्या कार्लो ताल्यावीनी या भाषापंडिताने १९४९ साली केवळ या एका अवयवाच्या नावांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने आफ्रिकेतल्या अनेक भाषांचीही नावे गोळा केली. ज्या लोकांची एकमेकांशी कधी गाठ पडली नसेल, अशांच्याही बोलीत डोळ्यात कोणीतरी राहतेच. कुठे मुलगी, कुठे मूल, कुठे छोटा माणूस. काही ठिकाणी शब्द शेजाऱ्याकडून उचलला असेल, रोमन लोकांनी ग्रीकांकडून उचलला असण्याचा संभव बराच आहे. पण सगळीकडे तसे झाले नसावे. कारण हा शब्द शिकायला ग्रंथ लागत नाही. आई लेकराला मांडीवर घेते, लेकरू वर बघते, आणि शब्द तयार होतो. वितीएवढ्या अंतरावर दुसऱ्याचा डोळा आल्याशिवाय ही बाहुली कोणाला दिसत नाही. शत्रूच्या डोळ्यात ती बघायला कोणी थांबत नाही.

आता थोडे शास्त्रही पाहू. आपल्याला वाटते की प्रतिमा त्या काळ्या भागात आहे. वस्तुत: तो काळा भाग म्हणजे पडद्यातले एक छिद्र आहे. सुश्रुताचे 'विवर' हेच. उजेड त्यातून आत जातो आणि फारसा परत येत नाही, म्हणून ते काळे दिसते. दुपारी अंधाऱ्या घराचे दार बाहेरून काळे दिसते ना, तसे. प्रतिमा पडते ती डोळ्यावरच्या पारदर्शक, फुगीर काचेसारख्या आवरणावर, ज्याला पारपटल म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचे नाव 'कॉर्निया', म्हणजे शिंगासारखे. शिंगाचा पातळ कापलेला पापुद्रा अर्धवट पारदर्शक असतो, त्यावरून. घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या पोटावर आपला चेहरा कसा लहान पण सुलटा दिसतो, तसाच तो पारपटलावर दिसतो. एक वीत अंतरावरून आपला सबंध चेहरा तिथे सुमारे तीन मिलिमीटरचा होतो, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही थोडा लहान. आणि छिद्र असते भर उजेडात दोन मिलिमीटरच्या आसपास, अंधारात सात-आठपर्यंत. म्हणजे घराच्या ओसरीवरच्या मंद उजेडात चेहरा त्या काळ्या गोलात अगदी बेताने मावतो. मागे काळोख असला म्हणजे प्रतिमा उठून दिसते, संध्याकाळी अंधाऱ्या खोलीच्या खिडकीच्या काचेत आपले तोंड दिसते त्याप्रमाणे.

हे मला कळले ते मात्र पुस्तकातून नव्हे. आजीला उतारवयात मोतीबिंदू झाला. तिच्या दोन्ही बाहुल्या दुधाळ झाल्या. मी सुट्टीत घरी गेलो, तिच्यासमोर बसलो, आणि सवयीने तिच्या डोळ्यात बघितले. तिथे मी नीट दिसेना. काळ्याच्या जागी पांढरे आले होते, त्यावर प्रतिमा उठत नव्हती. तिलाही मी दिसत नव्हतो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलास रे." नेत्रशिबिरात शस्त्रक्रिया झाली, जाड भिंगांचा चष्मा आला, आणि पुढची काही वर्षे ती पुन्हा तांदूळ निवडत होती. ज्यांच्या घरी असे माणूस असेल त्यांनी, 'म्हातारपण आहे, चालायचेच' असे म्हणून बसू नये. मोतीबिंदूचे आंधळेपण शस्त्रक्रियेने जाते.

आणि शेतातल्या मंडळींना जाता जाता एक सांगतो. बांधावरचा धोतरा उपटून तोच हात डोळ्याला लावू नका. त्या रसाने बाहुली मोठी होते, पुष्कळ वेळ तशीच राहते, आणि उजेड सहन होत नाही. आता बैलांच्या डोळ्यात बघा. आपल्यासारखी गोल बाहुली तिथे नाही, आडवी लांबट आहे. मांजराची उजेडात उभी चीर होते. शेळीची तर जवळजवळ आडवी चौकटच. मुलांना हे दाखवायला कोणतेही उपकरण लागत नाही.

असो. लॅटिन भाषा बोलणारे रोमन राज्य बुडाले, पण लॅटिन ही युरोपातल्या पंडितांची भाषा राहिली. १५४३ साली व्हेसालियस या अठ्ठावीस वर्षांच्या वैद्याने मानवी शरीराच्या रचनेवरचा आपला प्रचंड ग्रंथ स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावी छापला. त्याने स्वत:च्या हाताने प्रेते फाडून पाहिली होती, आणि जे दिसले ते लॅटिनमध्ये लिहिले. पुढे एकेका अवयवाला दहादहा नावे पडू लागली. देश तितकी नावे, प्राध्यापक तितकी नावे. तेव्हा १८९५ साली पुन्हा त्याच बाझेल गावी जमून शरीरशास्त्रज्ञांनी नावांची एक यादी मुक्रर केली. तिच्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय यादीतही डोळ्याच्या त्या छिद्राचे नाव 'पूपिल्ला' हेच आहे. एवढ्या कडक शास्त्रात, जिथे प्रत्येक शब्द तोलून घेतात, तिथे एक बाहुली बसून राहिली आणि कोणी तिला उठवले नाही. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने तर १७५८ मध्ये कीटकांच्या कोशालाही 'पूपा' हे नाव दिले, कारण गुंडाळून ठेवलेल्या तान्ह्या बाळासारखा तो दिसतो. कापसावरची अळी कोशात जाते, तेव्हा इंग्रजी पुस्तकात तीही 'बाहुली'च होते. आणि आपल्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकात पाहाल, तर तिथेही शास्त्रीय शब्द म्हणून 'डोळ्याची बाहुली' असेच छापलेले आहे. त्यासाठी कोणाला जडजंबाल संस्कृत शब्द घडवावा लागला नाही. आजीचाच शब्द पुस्तकात गेला. माझ्या मते परिभाषा करणाऱ्यांनी जे उत्तम निर्णय घेतले, त्यांतला हा एक.

आता राहिला त्या मागच्या बाकावरच्या पोराचा प्रश्न. विद्यार्थ्याला 'प्यूपिल' का म्हणतात?

'पूपा' म्हणजे लहान मुलगी, हे आपण पाहिले. 'पूपुस' म्हणजे लहान मुलगा. त्यांचीच लाडाची रूपे 'पूपिल्ला' आणि 'पूपिल्लुस'. ही रूपे रोमन कायद्यात गेली आणि तिथे त्यांना एक ठराविक अर्थ आला. ज्याचा बाप मेला आहे आणि जो अजून वयात आलेला नाही, असे मूल. म्हणजे पोरके. मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत अशा मुलाचा जमीनजुमला, गुरेढोरे, पैसाअडका सांभाळण्यासाठी कायद्याने एक पालक नेमला जाई. त्या पालकाला काय म्हणत, ठाऊक आहे? 'टूटर'. होय, आपण ज्याला ट्यूटर म्हणतो तोच शब्द. हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, त्याचा मूळ अर्थ आहे बघणे, नजर ठेवणे, आणि त्यातून राखण करणे. आपण नाही का म्हणत, "पोराकडे जरा बघा हो"? तसेच ते.

तेव्हा प्यूपिल आणि ट्यूटर ही जोडी मुळात शाळेतली नव्हे, ती पोरक्या मुलाची आणि त्याच्या राखणदाराची आहे. फ्रेंच भाषेतून हे शब्द इंग्रजीत आले. 'प्यूपिल' हा शब्द तिथेही प्रथम पालकाच्या ताब्यातले मूल याच अर्थाने चालला, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास शिकणारे मूल असा अर्थ त्याला चिकटला. डोळ्यातल्या बाहुलीचा शब्दही त्याच वाटेने आला. एका घरातून निघालेल्या दोन बहिणी वेगवेगळ्या गावी नांदल्या, आणि शेवटी इंग्रजीच्या एकाच ओसरीवर येऊन बसल्या. पाठ करणाऱ्याला त्या दोन परक्या बायका वाटतात, इतकेच.

आपला 'विद्यार्थी' शब्द सांगतो, की याला विद्या हवी आहे. 'शिष्य' सांगतो, की याला शिकवायचे आहे, वळण लावायचे आहे. 'प्यूपिल' शिकण्याबद्दल काहीच सांगत नाही. तो एवढेच सांगतो, की याच्या मागे कोणी नाही, याच्याकडे बघा. मला तर वाटते, सकाळी हजेरी घेताना पहिल्या इयत्तेत आलेल्या नव्या पोराकडे पाहिले, म्हणजे तिन्ही शब्द त्याला लागू पडतात. पण पहिल्या दिवशी तरी हा रोमन शब्दच खरा.

आणि या राखणदारीवर कायद्याचा पहाराही होता. रोमन लोकांच्या अगदी जुन्या, इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास कोरलेल्या बारा पाट्यांच्या कायद्यापासून अशी सोय होती, की टूटर लबाडी करू लागला तर त्याच्यावर फिर्याद करता यावी. ५३३ साली सम्राट जस्टिनियनने कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करवले. त्यात हे प्रकरण सविस्तर दिले आहे. लबाडीसाठी काढून टाकलेल्या टूटरवर कायमचा बट्टा लागे, असे त्यात आहे. मुलाला स्वत: फिर्याद करता येत नसे, कारण तो पडला अजाण. मग करायची कोणी? एरवी बायकांना असल्या कामात कोणी पुढे येऊ देत नसे, परंतु इथे मायेपोटी येणाऱ्या बायकांना मुभा दिली आहे, आणि त्या कोण तेही लिहून ठेवले आहे. आई, दाई, बहीण आणि आजी.